राजूरच्या मंडपात डेन्मार्क

डेन्मार्क नावाचा देश कुठं आहे हे मला विचारू नका, कारण मी सांगीन. आमच्या घरात त्या देशाशिवाय दुसरं बोलणं न्हाई असा एक अख्खा उन्हाळा मी काढलाय. सगळीकडून समुद्र, दक्षिणेकडून तेवढी चिंचोळी जमीन, आणि त्या जमिनीच्या बांधाला बांध लावून मोठा शेजारी. राजा आहे, बेटं आहेत, गाई आहेत. माझ्या कपाळी काय आहे ते मात्र कुठल्या भूगोलात लिहिलेलं नव्हतं.

आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ मास्तर, राजूरच्या शाळेत आरजी होते. निजामाच्या राज्यात आरजी म्हणजे तात्पुरता अन् मुस्तकील म्हणजे कायमचा. आरजी मास्तराची बायको म्हणजे दरसाल एका गावातली चूल मोडायची अन् दुसऱ्या गावात घालायची. लग्नापासून मी इतक्या चुली घातल्या, की कुणाच्या घरी गेले तर आधी माती कुठली वापरली ते बघते. तेही चाललं असतं, पण माझी आई गोजरबाई अंबडला एकटी होती. मला भाऊ न्हाई, बहीण न्हाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्ता. भाकरी थापायची ती तव्याच्या बाहेर पडायची. शेजारची उषाबाई जाऊन-येऊन बघायची, पण शेजारणीनं तरी किती बघायचं? मास्तर मुस्तकील व्हावेत आणि गाव अंबड मिळावं, म्हणजे आईला माझ्या हातचे दोन घास मिळतील, एवढंच माझं मागणं होतं. ते मी देवाकडं मागायची, आणि संधी मिळाली तर तहसिलीतल्या बड्या कारकुनाकडं, म्हणजे पेशकाराकडं.

ती संधी अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आली. इंग्रज गेल्ता, भोवताली हिंदुस्थान आझाद झाल्ता, आणि मधोमध आमचं राज्य ‘आम्ही वेगळे आझाद’ म्हणून बसल्तं. सरहद्दीवर नाकेबंदी. मीठ मिळंना, घासलेट मिळंना. रस्त्यानं रझाकार फिरायचे, म्हणून दिवस बुडायच्या आत जो तो घरात. अशात एक दिवस पेशकारसाहेब आमच्या ओसरीवर येऊन टेकले. शेरवानी, लाल टोपी, अन् घामानं भिजलेला रुमाल.

“मास्तर, वरून हुकूम आलाय,” ते म्हणले. “लोकांना समजावून सांगायचं, की दुनियेत छोटे छोटे मुलूक मोठ्या शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून आझाद राहतात. एकेका मास्तराला एकेक मुलूक दिलाय. धावड्याच्या मास्तराला हॉलंड. तुम्हाला डेन्मार्क. बिलकुल आसान काम आहे. लोक जमले पायजेत, माना डोलल्या पायजेत. बराबर झालं तर मुस्तकिली माझ्याकडं लागली. गाव कोणतं पायजे बोला.”

हे विचार करून राह्यले. मी दाराआडून म्हणलं, “अंबड!”

“अंबड तर अंबड,” पेशकार म्हणले, आणि ताक पिऊन गेले.

आता आमच्या ह्यांना एक रोग आहे, तो आधी सांगते. काही सांगायचं म्हणलं की हा माणूस पुरतं सांगतो. बाजारात कुणी सहज ‘काय मास्तर, बरं आहे ना?’ विचारलं, तर हे उभं राहून खरंच बरं आहे का न्हाई ते सांगतात, पोटाच्या तक्रारीसकट. अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणं, असं त्यांचं म्हणणं. ते शाळेतलं जुनं भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले. त्यात भागंना, म्हणून रामेश्वरशेटच्या दुकानात गेले. शेटकडं गूळ बांधायला जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी होती. तिच्यातून हे डेन्मार्क निवडून आणायचे. बोटं चिकट, कागदाला मुंग्या.

“ऐकलं का,” एक दिवस मला म्हणले, “त्या देशात डोंगरच न्हाई. समुद्रापासून मोजलं तर तिथल्या सगळ्यात उंच टेकाडाचा माथा आपल्या विहिरीच्या तळापेक्षा खाली भरतो. आणि तसल्याच एका टेकाडाला ते लोक आभाळाचा डोंगर म्हणतात.”

“मंग आभाळ लईच खाली असंल तिकडं,” मी म्हणलं. मला खरं तर हसू आलं. आपल्या राजूरची टेकडी बघितली असती तर त्या लोकांनी तिला काय नाव ठेवलं असतं कुणास ठाऊक.

पण दोन दिवसांनी हे तोंड पाडून घरी आले. हातात रद्दीचा कागद. आठ वर्षांपूर्वी म्हणे त्या मोठ्या शेजाऱ्यानं, जर्मनीनं, एका सकाळी फौज घालून तो मुलूक घेतल्ता.

“मंग आता कुणाचा आहे?” मी विचारलं.

“आता त्यांचाच आहे. लढाईत जर्मनी हरली, मुलूक सुटला. राजा गादीवर आहे.”

“झालं तर! राजा गादीवर आहे म्हणा अन् थांबा. मधलं कुणी विचारलंय तुम्हाला?”

“पण मधलं झालं ते झालंच ना, दुर्गे?”

“झालं असंल, त्यांच्या घरी! तुम्हाला अंबड पायजे का न्हाई?”

“पायजे,” ते म्हणले. पण तो कागद त्यांनी टाकून दिला न्हाई, घडी करून खिशात घातला. तेव्हाच मी कपाळावर हात मारला.

कोतवालानं गावात दवंडी दिली. पहिल्या दिवशी व्याख्यानाला कोण आलं? कोतवाल आणि त्याचं वासरू. ऐन उन्हाळ्यात भरदुपारी डेन्मार्कसाठी कोण घर सोडंल? मंग ह्यांना युक्ती सुचली. ह्यांचे वडील हरिदास होते. पंचक्रोशीत त्यांच्या कीर्तनाला नाव होतं. ह्यांनीही लहानपणी मागं उभं राहून झांजा वाजवल्या होत्या. हे म्हणले, कीर्तनच लावू. नाव ऐकल्याबरोबर गाव जमला. गणपतीच्या देवळाच्या मंडपात पुढं पुरुष, एका अंगाला आम्ही बायका, आणि अगदी पुढं सतरंजीवर पेशकार. पेटीला एकजण, मृदंगाला कडूबा. आमचे हे धोतर-पागोट्यात उभे राहिले अन् गळ्यात हार पडला. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं. एवढा देखणा माणूस मी रोज चुलीच्या धुरातून बघत होते.

भूगोल पूर्वरंगात झाला. समुद्राचं वर्णन केलं तेव्हा मंडपातल्या एकानंही समुद्र बघितलेला नव्हता, सांगणाऱ्यानंही न्हाई, पण सगळ्यांनी माना डोलवल्या. मंग गाई आल्या. त्या देशात सगळ्या गावाचं दूध एका ठिकाणी घालतात, तिथं लोणी निघतं, आणि त्या लोणीघराचा मालक सगळा गाव.

“अन् पाणी कोण घालतं?” कारभारीनं मागून विचारलं. हा कारभारी आमच्या शेजारचा. चांगला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला दार न्हाई.

“कुणीच घालत न्हाई,” हे म्हणले.

मंडपात एवढा हशा पिकला की पेटीवाल्याचा सूर चुकला. लोकांना वाटलं मास्तरांनी विनोद केला.

बायकांना तर लोणी म्हणल्यावर गोकुळच आठवलं. माझ्या शेजारी बसलेल्या नंदाबाईनं डोळे पुसले. आता लोण्यावर थांबावं की न्हाई माणसानं? न्हाई. “आणि लोणी काढल्यावर उरलेलं दूध ते डुकरांना पाजतात,” म्हणून मोकळे झाले. गणपतीच्या मंडपात! पुजाऱ्यानं घंटेकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं, आणि कडूबानं शहाण्यासारखी मृदंगावर थाप मारून वेळ मारून नेली.

मंग इतिहासाचं आख्यान लागलं. त्या राजाच्या वाडवडलांचं राज्य एकेकाळी केवढं मोठं, समुद्रापल्याडचे मुलूक त्यांच्याकडं, अन् मंग एकेक कसा हातचा गेला. शेजाऱ्यानं दक्षिणेकडचा तुकडा तोडून घेतला, पुढं त्यातला थोडा माघारी आला. इथं मंडप सावरून बसला. बांधाची भांडणं आमच्या लोकांना शिकवावी लागत न्हाईत. “मोजणी कुणी केली?” “पंच कोण होते?” असे प्रश्न यायला लागले. पेशकार आधी खूश होते, मंग ते उन्हाकडं बघायला लागले. त्यांना दिवस बुडायच्या आत तहसीलला पोचायचं होतं. ह्यांनी ते ओळखलं, आणि माझ्याकडं एकदा बघून म्हणले, “असा हा छोटासा मुलूक. आपल्या राज्यात तसले पाच मावतील. पण श्रोतेहो, आज ह्या घडीला तिथं राजा गादीवर आहे आणि मुलूक आझाद आहे!”

“वाह! वाह मास्तर!” पेशकारांनी टाळी वाजवली. उठता उठता ह्यांच्या कानाशी म्हणले, “अंबड पक्कं.” मी पुढंच बसल्ते, मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांचा टांगा उतारावरून गेला. मी नंदाबाईचा हात घट्ट धरला.

पण मंडपातला एकही माणूस उठंना.

त्यात त्यांचं काही चुकलं न्हाई. कीर्तन टाळीनं संपत नसतं, आरतीनं संपतं. आणि आख्यानातल्या दुष्टाचा निकाल लागल्याशिवाय आरती होत नसते. अर्ध्या आख्यानातून उठलेल्या माणसाच्या घरात काही ना काही अर्धवट राहतं, असं आमच्याकडं मानतात. बाया पोरांना पदराखाली घेऊन तशाच बसल्या. पुजारी तबक घेऊन तसाच उभा.

“मास्तर,” कारभारी म्हणला, “तो मोठा शेजारी राह्यला की. त्यानं पुन्हा बांध कोरला का न्हाई?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ‘न्हाई’ म्हणून मान हलवली. इतकी जोरात हलवली की नथ गालावर आपटली. ह्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं, थांबला माणूस. तर हे म्हणले, “कोरला.”

आणि सगळं सांगितलं. पहाटे विमानं आली, रस्त्यानं फौज आली, गोठ्यातल्या धारा काढून होईस्तोवर राज्य दुसऱ्याच्या हातात गेलं. माणसं फार मेली न्हाईत. राजा तिथंच राहिला, रोज सकाळी एकटा घोड्यावर बसून शहरातून फिरायचा, शिपाई न्हाई, भालदार न्हाई. लोक त्याच्याकडं बघत उभे राहायचे. पाच वर्षांनी तो शेजारी दुसरीकडं हरला आणि निघून गेला. हे सांगताना ह्यांचा आवाज त्यांच्या वडलांसारखा झाल्ता. मंग आरती झाली, खिरापत वाटली, लोक समाधानानं घरी गेले.

जाताना कारभारी म्हणला, “म्हंजे मास्तर, फौज आली की दार लावून घरात बसायचं अन् धारा काढायच्या.”

“मी तसं म्हणलो न्हाई.”

“म्हणायला कशाला पायजे?”

महिना-दोन महिने माझ्या जिवाला घोर होता, पण पेशकारांच्या कानावर पुढचं काही गेलं न्हाई. गावानं आपल्या पोटात ठेवलं. आणि भाद्रपदाच्या तोंडाला हुकूम आला. मुस्तकील! अंबड! मी त्या दिवशी पुरण घातलं. आईला गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला, की येऊन राह्यलो, आता कायमचे. घरातली भांडी पोत्यात भरली, चूल तेवढी राहू दिली.

सामान बांधून झालं अन् ॲक्शन झाली, आमचं निघणं अडलं. हिंदुस्थानची फौज आली, आणि पाच दिवसांत निजामाचं आझाद राज्य खलास. आमच्या राजूरकरांनी दारं लावली, घरात बसले आणि धारा काढल्या. राजा गादीवर राहिला. फक्त आता त्याच्या नावानं दुसरे लोक कारभार करून राह्यले.

नवे साहेब दिवाळीआधी आले. मुंबई इलाख्यातले, कडक इस्त्रीचे, छापल्यासारखं मराठी बोलणारे. गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या नेमणुका त्यांना तपासायच्या होत्या. चावडीत खुर्ची मांडली. शेजारी कागद घेऊन कोण उभं? आमचेच पेशकार! शेरवानी गेल्ती, डोक्यावर पांढरी टोपी आल्ती, घामाचा रुमाल तेवढा जुना होता.

“आपण या गावी संस्थानाच्या स्वातंत्र्याचा प्रचार केलात, हे खरे काय?” साहेबांनी ह्यांना विचारलं.

“मी खुद्द हजर होतो, साहेब,” पेशकार म्हणले. “हे म्हणले, छोटा मुलूक आहे, पण आझाद आहे. मला तर ऐकून धक्काच बसला.”

गाव चावडीपुढं जमल्ता. ह्यांच्यासाठी कुणीतरी बोलावं म्हणून मी देवाचा धावा करून राह्यले, आणि देवानं कारभारीला बोलायला लावलं.

“साहेब, पेशकार अर्ध्यातून उठून गेल्ते! आख्यान पुरं ऐकलंच कुठं त्यांनी? पुढं मास्तरांनी बराबर सांगितलं, की मोठा शेजारी एका सकाळी फौज घेऊन आला अन् मुलूक खिशात घातला. अख्खा गाव साक्षीला आहे!”

“आहे, आहे!” गाव म्हणला.

साहेबांची मान वर झाली. “कोण मोठा शेजारी?”

“जर्मनी,” हे म्हणले.

“म्हणजे आपण भारत सरकारची तुलना जर्मनीशी केलीत?”

“मी तुलना केली न्हाई. मी डेन्मार्क सांगितला.”

“सहा महिन्यांपूर्वी. इथे. या परिस्थितीत.”

“मला डेन्मार्कच दिल्ता, साहेब.”

साहेबांचा चेहरा बघून कारभारीच्या ध्यानात आलं की काहीतरी बिघडलं. बिचाऱ्यानं ते दुरुस्त करायला घेतलं. “पण शेवट गोड आहे, साहेब! पाच वर्षांत त्या शेजाऱ्याला हाकलून दिला अन् मुलूक पुन्हा आझाद!”

हा कारभारी आमचा हितचिंतक. वैऱ्याला एवढं सुचलं नसतं.

साहेबांनी टोपण काढून ठेवलेला पेन हातात धरला. माणूस तसा वाईट नव्हता, मला अजून वाटतं. ते ह्यांना हळूच म्हणले, “मास्तर, हे गृहस्थ काही तरी चुकीचे सांगत आहेत. असे आपण बोलला नाहीत, एवढेच सांगा. विषय संपला.”

एवढंच! ‘न्हाई’ म्हणायचं आणि अंबड. मी पदर तोंडात धरला.

“ते थोडं चुकीचंच सांगतात,” हे म्हणले. साहेबांचा चेहरा खुलला. “शेजाऱ्याला त्या मुलकानं एकट्यानं हाकललं न्हाई. दुसऱ्या राष्ट्रांनी हरवलं. बाकी सगळं मी बोललो तसंच आहे.”

नेमणूक रद्द झाली. पुन्हा आरजी, आणि गाव धावडा. भूगोल शिकवायचा न्हाई, फक्त गणित. आता धावडा म्हणजे अंबडच्या बिलकुल उलट्या अंगाला. आणि धावड्याचा तो हॉलंडवाला मास्तर? त्याला व्याख्यानाच्या दिवशी ताप आल्ता. त्यानं कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. त्याला अंबड मिळालं.

मी धावड्याला चूल घातली. ह्यांच्याशी बोलणं टाकलं. वाढायची, पण बोलायची न्हाई. आईला खरं कळवायला माझा हात होईना, आज धाडू उद्या धाडू म्हणत राहिले. तेवढ्यात उषाबाईचा निरोप आला, की गोजरबाईनं अंथरूण धरलंय, अन्न सुटलंय, जल्दी या.

आम्ही दोघंच निघालो. बैलगाडीनं, मंग जालन्याहून मोटारीनं. अंबडला पोचलो तर घराची पुढची खोली सारवून लख्ख केलेली. भिंतीतली फळी, जिच्यावर आईची लोणच्याची बरणी असायची, ती रिकामी करून पुसून ठेवलेली. उषाबाई म्हणली, “जावयाच्या पुस्तकांसाठी म्हणून स्वतः चाचपडत पुसली हो.”

आई खाटेवर एवढीशी झाल्ती. आवाजावरून ओळखलं तिनं.

“दुर्गे, आलीस? सामान उतरवलं का?”

मी तिचा हात धरून रडायला लागले. तिनं मान दुसरीकडं वळवली. “जावईबापू, तुम्ही बोला. हिला रडायचं निमित्त लागतं. आता कुठं जायचं न्हाई ना?”

मी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस सगळं सांगणार. पेशकार सांगणार, साहेब सांगणार, धावडा सांगणार, कारभारीची चूक दुरुस्त करणार. माझी आई ते ऐकत ऐकत जाणार. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

“न्हाई, आई,” हे म्हणले. “मुस्तकील झालो. अंबडलाच. सामान उतरवून राह्यलेत बाहेर.”

“मंग बराबर,” आई म्हणली. “आधी पुस्तकं लावून घ्या. फळी पुसलीय मी.”

हे उठले. त्यांच्या पिशवीत एकच पुस्तक होतं, धावड्याच्या शाळेचं अंकगणित. ते त्यांनी फळीवर ठेवलं. आवाज झाला. मंग उचललं आणि जरा पलीकडं ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. आई तोंड तिकडं करून ऐकत होती. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हे एकच पुस्तक ठेवत राहिले, आणि मधूनच थांबून, जसं काही नाव वाचतायत, असे पानं फडफडवत होते.

“भरली का?” आईनं विचारलं.

“भरली, आई,” हे म्हणले.